शब्दांचा वाटा सात टक्के नाही

परिषदांचे दिवस जवळ आले की एक संदेश नव्या संशोधकांमध्ये हमखास फिरू लागतो. संवादात शब्दांचा वाटा अवघा ७ टक्के, सुराचा ३८ आणि देहबोलीचा ५५, म्हणून मजकुरापेक्षा आत्मविश्वासावर मेहनत घ्या. श्रोत्यांचं लक्ष ८ सेकंदच टिकतं, गोल्डफिशपेक्षाही कमी. आणि स्लाइडवर सहा ओळी, ओळीत सहा शब्द, त्यापुढे एकही नाही. हे खरं मानून काहीजण शेवटचा आठवडा आरशासमोर घालवतात, आणि आलेखाच्या अक्षांवर एककंसुद्धा लिहायची राहून जातात. मला याचं मनापासून वाईट वाटतं.

आधी ते ७, ३८, ५५. हे आकडे मानसशास्त्रज्ञ अल्बर्ट मेहराबियन आणि त्यांच्या सहकाऱ्यांच्या १९६७ मधल्या दोन प्रयोगांतून आले. एकात वेगवेगळ्या सुरांत म्हटलेले सुटे शब्द ऐकवले. दुसऱ्यात ‘कदाचित’ अशा अर्थाचा एकच इंग्रजी शब्द, आणि जोडीला चेहऱ्यांची छायाचित्रं. ऐकणाऱ्यांनी ओळखायचं एवढंच, की बोलणाऱ्याच्या मनात आवड आहे की नावड. भाषण नव्हतं, वाक्यही नव्हतं. ‘देहबोली’ म्हणून जे ५५ टक्के सांगतात, त्यात हातवारे किंवा उभं राहणं मोजलंच नव्हतं, फक्त चेहरा होता. बोलणं भावनांबद्दल किंवा आवडीनिवडीबद्दल नसेल तर हे सूत्र लागू पडत नाही, असं मेहराबियन यांनी स्वतः स्पष्ट केलेलं आहे. तुमच्या शोधनिबंधातली नमुन्याची निवड सुरावरून कुणाला कळणार?

स्लाइडवरच्या शब्दांना किती वजन असतं, ते २००३ साली दिसलं. नासाचं कोलंबिया हे अंतराळयान कक्षेत होतं. उड्डाणाच्या वेळी इंधनटाकीवरून निखळलेला उष्णतारोधक फोम त्याच्या डाव्या पंखावर आदळला होता, आणि धोका किती याचं उत्तर अभियंत्यांनी स्लाइडवर मांडलं. शीर्षक दिलासा देणारं होतं. अगदी तळाशी मात्र नोंद होती की फोमच्या तुकड्याचं आकारमान १९२० घन इंच धरलंय, आणि चाचण्यांतला तुकडा ३ घन इंचांचा होता. म्हणजे ६४० पट फरक, आणि तो शेवटच्या ओळीत. १ फेब्रुवारीला परतताना यान फुटलं, सातही अंतराळवीर गेले. अपघात त्या स्लाइडमुळे झाला असं कुणी म्हणू नये. पण चौकशी मंडळाने आपल्या अहवालात त्या स्लाइडची चिकित्सा केली आणि तांत्रिक निबंधांऐवजी स्लाइडवर भागवण्याच्या सवयीवर बोट ठेवलं.

गोल्डफिशचं लवकर आटोपतं. तो आकडा २०१५ मध्ये मायक्रोसॉफ्ट कॅनडाच्या एका अहवालामुळे गाजला. अहवालाने तो दुसऱ्याच एका संकेतस्थळावरून घेतला होता, आणि पत्रकारांनी माग काढला तेव्हा त्यामागे मूळ संशोधन सापडलं नाही.

सहा-सहाचा नियम मात्र अर्धा बरोबर आहे. स्लाइडवर परिच्छेद लावून तोच वाचून दाखवला की श्रोत्याचे डोळे पुढे धावतात आणि कान मागे राहतात, दोन्हीकडचं निसटतं. पण शब्द मोजून कापत गेलं की शीर्षकाच्या जागी ‘निष्कर्ष’ एवढंच उरतं, आणि त्यातून काहीच कळत नाही. समजा तिथे लिहिलं, ‘तापमान ४० अंशांपुढे गेल्यावर या विकराचा वेग निम्म्यावर येतो’, आणि खाली फक्त आलेख ठेवला. नियम मोडला, पण मागच्या रांगेतल्या माणसालाही मुद्दा मिळाला. परिषदेची भाषा ज्यांची स्वतःची नाही, त्यांना तर असं पूर्ण वाक्य फार मोठा आधार असतो. अभियांत्रिकी सादरीकरणं शिकवणारे मायकल अॅली कित्येक वर्षं हीच पद्धत मांडत आले आहेत: वर पूर्ण वाक्याचं विधान, खाली त्याचा पुरावा.

सूर आणि उभं राहणं बिनमहत्त्वाचं आहे, असं मी म्हणत नाही. पुटपुटणारा, पडद्याकडे तोंड करून बोलणारा वक्ता चांगलं काम वाया घालवतो. तालीम मोठ्याने, घड्याळ लावून करायलाच हवी, कारण १२ मिनिटांचं बोलणं १६ मिनिटांवर गेलं तर आधी प्रश्नोत्तरं कापली जातात, आणि परिषदेला जाण्याचं निम्मं कारण तीच असतात. फक्त ही तालीम आरशासमोर नको. दुसऱ्या विषयातल्या मित्राला बसवा, प्रत्येक स्लाइडनंतर थांबा आणि विचारा, ‘यातून तुला काय कळलं?’ त्याचं उत्तर तुमच्या शीर्षकाशी जुळत नसेल, तर त्याच रात्री शीर्षक बदला.