‘गाडीत कुणी नव्हतं, मग ब्रेक जळले कसे?’ – साखरप्याच्या गॅरेजचं उत्तर

नमस्कार साहेब,

तुमचा एक स्टार वाचला. गणपतीपुळ्याला पोचून, जेवूनखाऊन सावकाश लिहिलेला दिसतोय. आमच्या चहाला त्यात बरं म्हटलंय, त्याबद्दल आभार. बाकी तक्रार अशी की चाकाचा आवाज बघायला गाडी दिली, तर आम्ही न विचारता पुढच्या दोन्ही चाकांच्या ब्रेक डिस्क, पॅड, ब्रेक ऑइल बदलून ९,४५० रुपयांचं बिल लावलं आणि सहा तास बसवून ठेवलं. गाडी आख्खा आंबा घाट कॅम्परच्या, म्हणजे राहायची सोय असलेल्या मोठ्या गाडीच्या, मागे बांधलेली होती, आत माणूस नव्हता, मग ब्रेक जळतीलच कसे; म्हणजे पुण्याचं गिऱ्हाईक बघून लुटलं.

आधी माझ्याकडची चूक. तुम्हाला दोनदा फोन लावला, लागला नाही. आमच्याकडे रेंजचं असंच आहे. पण तुम्ही समोरच्या हॉटेलात बसला होता, पोराला पाठवून विचारता आलं असतं. डिस्क बदलल्याचं मला वाईट वाटत नाही, विचारलं नाही याचं वाटतं. रत्नागिरीहून सामान आणायला बाइक गेली, तिच्या पेट्रोलचे ३०० रुपयेही आधी न सांगता बिलात घातले. ते परत देतो. सहा तासांतले जवळपास तीन त्या बाइकनेच खाल्ले. साखरप्यात तुमच्या गाडीच्या डिस्क मिळत नाहीत.

आता मुद्द्याचं. गाडीत माणूस नव्हता हे खरं, पण ब्रेक पेडलवर पाय होता. तुमच्या त्या यंत्राचा.

इथे वाचणाऱ्या बाकीच्यांसाठी सांगतो, कारण आमच्या रस्त्याला असली जोडी मी पहिल्यांदाच बघितली. पुढे साहेबांची कॅम्पर. मागे लोखंडी तिकोनी बार लावून छोटी हॅचबॅक, न्यूट्रलमध्ये, चारही चाकं रस्त्यावर. ड्रायव्हरच्या सीटपुढे पायाशी एक पेटी, तिचा दांडा ब्रेक पेडलला अडकवलेला. पुढच्या गाडीने ब्रेक मारला की पेटीला धक्का कळतो आणि दांडा पेडल दाबतो. अमेरिकेत मोटारहोमवाले अशा गाड्या सर्रास ओढतात. तिथल्या बऱ्याच राज्यांत ठरावीक वजनाच्या वर ओढल्या जाणाऱ्या गाडीला तिचा स्वतःचा ब्रेक लागतो, म्हणून ही पेटी. वस्तू वाईट नाही, पण बसवायची कशी ते महत्त्वाचं.

तुम्ही आलात तेव्हा गाडी थांबायच्या आधी वास आला. जळक्या ब्रेकचा वास एकदा नाकात बसला की सुटत नाही. पोराने डाव्या पुढच्या चाकावर ओंजळभर पाणी टाकलं, तर चर्र झालं. जॅकवर घेऊन चाक फिरवायला गेलो, फिरेना. गिअर न्यूट्रल, हँडब्रेक खाली. मग मी कॅलिपरचा, म्हणजे पॅड डिस्कवर आवळणाऱ्या भागाचा, ऑइल सोडायचा निपल पाव आटा सैल केला. ऑइलची पिचकारी पार माझ्या शर्टावर आली, आणि चाक एका बोटाने फिरायला लागलं. म्हणजे कॅलिपर अडकला नव्हता, वरून दाब धरलेला होता. आत बघितलं तर पेटीची मागची बाजू सीटला टेकलेली, सीट एक खाच पुढे सरकवलेली, आणि दांडा पेडलला नुसता टेकलेला नाही, किंचित दाबून बसलेला. एखादी सुपारी मावेल एवढाच फरक. याचे फोटो तुमच्या व्हॉट्सअ‍ॅपवर आहेत, रेंज मिळाल्यावर उघडले असतील.

एवढ्याशा दाबाने काय होतं, हे त्या दिवशी उभ्या उभ्या समजावण्यात मी कमी पडलो. पेडलमागच्या मास्टर सिलिंडरमध्ये, जिथून ऑइल चाकांकडे ढकललं जातं, ऑइल परत डबीत जायला एक बारीक भोक असतं. पेडल पूर्ण सुटलेलं असेल तरच ते उघडं राहतं. थोडंही दाबलेलं राहिलं की बंद. मग पॅड डिस्कला घासतात, गरम होतात, ऑइल तापून फुगतं आणि फुगलेल्याला परतीची वाट नाही, म्हणून ते पॅड आणखी आवळतं. आवळलं की आणखी तापतं. आंबा घाटाच्या माथ्यावर जे नुसतं घासणं होतं, ते खाली येईपर्यंत चक्काजाम झालं. त्यात उतार. काही पेट्यांतल्या सेन्सरला गाडीचं नाक खाली गेलं तरी ब्रेक लागल्यासारखंच वाटतं, आणि सेन्सिटिव्हिटी वर ठेवली असेल तर प्रत्येक वळणावर दांडा आणखी दाबत राहतो. तुमची वरच होती.

तुम्हाला हे जाणवलं का नाही? कारण हीच गाडी तुम्ही चालवत असता तर दुसऱ्या वळणाला म्हणाला असता, ‘ही ओढत का नाही?’ पण पुढे साडेतीन टनांची कॅम्पर, तिचं इंजिन, त्यात उतार. मागची नऊशे किलोची गाडी ब्रेक धरून येते की मोकळी, हे पुढच्या स्टिअरिंगवर कळत नाही. ओढण्यातली खरी भीती हीच.

आणि डिस्क. ‘घासून चालल्या असत्या’ असं तुम्ही लिहिलंय. दोन्ही निळ्या-जांभळ्या पडल्या होत्या, डावीला नखाला लागतील अशा बारीक चिरा होत्या. पॅड आरशासारखे चकचकीत. ते पुन्हा धरत नाहीत. ऑइल तर बदलायलाच हवं होतं. डॉट थ्री ऑइल नवं असताना २०५ अंशांना उकळतं, पण ते हवेतलं पाणी ओढतं, आणि पाणी मुरलेलं ऑइल १४० अंशांनाच उकळतं. तुमचं किती वर्षांचं होतं देव जाणे, रंग काळ्या चहाचा होता. उकळलं की वाफ होते, आणि वाफेवर पाय दाबून गाडी थांबत नाही. पुढे हातखंब्यापर्यंत वहिनी ती गाडी चालवणार होत्या, मागच्या सीटवर दोन मुलं. माझ्या जागी तुम्ही काय केलं असतं?

पेटी पुन्हा लावणारच असाल तर इंजिन बंद केल्यावर पेडल चार-पाच वेळा दाबून कडक करा. पायाला जोर देणाऱ्या बूस्टरमध्ये व्हॅक्यूम उरलेला असतो. तो असताना पेटी लावली की तेवढ्याच दाबाला ब्रेक जास्त जोरात धरतो आणि सेटिंग चुकतं. मग दांडा अडकवून बघा, पेडल वरपर्यंत मोकळं येतं का. सीटला खूण करून ठेवा. आणि पहिल्या दहा किलोमीटरवर थांबून चारही चाकांजवळ हात न्या, लावू नका, नुसता जवळ न्या. एक जरी जास्त गरम लागलं तर तिथेच थांबा. ऑटोमॅटिक गाडी असती तर अशी ओढण्याआधी कंपनीचं पुस्तक बघाच म्हटलं असतं. बऱ्याच ऑटोमॅटिकना इंजिन बंद असताना गिअरबॉक्सला तेल मिळत नाही.

हँडब्रेकचं राहिलंच. समुद्राकाठी मुक्काम आहे, तर रात्री हँडब्रेक ओढून ठेवू नका. खाऱ्या हवेत मागचे लायनर ड्रमला चिकटतात, केबल गंजते, आणि सकाळी लिव्हर खाली केला तरी चाक सुटत नाही. आम्ही गाडी गिअरमध्ये टाकतो आणि चाकाला दगड लावतो. गाडी पुळणीत उतरवली असेल तर गोड्या पाण्याने चाकं आतून धुवा.

आणखी एक, रागावू नका. आपल्याकडच्या नियमात बिघडलेली गाडी जवळच्या गॅरेजपर्यंत ओढून न्यायची मुभा आहे, तीही मधलं अंतर पाच मीटरच्या आत ठेवून. धडधाकट गाडी सहलीला ओढत न्यायची सोय त्यात मला तरी सापडली नाही. उद्या घाटात पोलिसाने अडवलं तर तुमची अडचण होईल.

जुन्या डिस्क, पॅड कंप्रेसरमागे गोणीत तुमच्या गाडीचा नंबर लिहून ठेवलेत. बिलाबरोबरच द्यायला हवे होते. परतताना आंबा घाटानेच जाणार असाल तर थांबा, चिरा स्वतः नखाने बघा आणि ३०० रुपये घेऊन जा. पेटी डिकीत ठेवा. गाडी आपण वेगळी चालवत आणू असं वहिनी पुण्यातच म्हणाल्या होत्या, हे त्यांनीच चहा पिताना सांगितलं.