सूचीचे पान नंबर चुकले म्हणून एक स्टार दिलेल्या सरांना उत्तर

नमस्कार सर, रिव्ह्यू वाचला. तुमचं म्हणणं असं की तालमींच्या पुस्तकाची सूची (शेवटी नावं आणि त्यांचे पान नंबर देतात ती) आम्ही बिघडवली, सगळे पान नंबर चुकलेत, क्ष आणि ज्ञ ची नावं कुठंतरी शेवटी ढकललीत, आणि कॉम्प्युटर एका बटणात करतो त्या कामाचे वेगळे पैसे लावले. स्टार तुम्ही काय द्यायचे ते द्या, पण हे वाचून उद्या दुसरा कुणी लेखक सूचीच नको म्हणेल म्हणून जरा सविस्तर लिहितो.

आधी पान नंबर. तुम्हीच टाकलेला फोटो झूम करून बघा. सूचीत गंगावेश तालीम ११२, पुस्तकात ती आहे ११६ वर. मोतीबाग सूचीत ८७, पुस्तकात ९१. खासबाग मैदान १३०, पुस्तकात १३४. सगळीकडं बरोबर चारचाच फरक, एकाही नोंदीत तीन नाही की पाच नाही. चूक अशी शिस्तीत होत नसते सर. आमच्याकडून फायनल प्रूफवर सही करून तुम्ही ओपन फाइल (जिच्यात बदल करता येतात ती) नेलीत, छपाई दुसरीकडं केलीत (त्याबद्दल काहीच म्हणणं नाही, जिथं परवडेल तिथं करावी), आणि तिथं पुढं चार पानं शुभेच्छा संदेश वाढले. इनडिझाईनमधली (आम्ही पुस्तकाची पानं लावतो त्या सॉफ्टवेअरमधली) सूची एकदा जनरेट केली की ती साधा टेक्स्ट होऊन बसते, पानं पुढं सरकली म्हणून ती आपोआप सरकत नाही, परत जनरेट करून जुन्या सूचीवर रिप्लेस करावी लागते. ते तिथं कुणी केलं नाही. किंवा त्या चार पानांना वेगळा सेक्शन करून प्रस्तावनेला देतात तसे एक, दोन, तीन असे अक्षरी नंबर दिले असते तरी पुस्तकाचं पान १ जागेवरच राहिलं असतं आणि सूचीला धक्का लागला नसता.

आता ते एक बटण. बटण आहे, ॲड ऑल म्हणतात त्याला, शब्द सिलेक्ट करून दाबलं की तो शब्द जिथं जिथं असेल तिथं खूण लागते. पण ते अख्खा शब्द जसाच्या तसा शोधतं. इंग्रजीत ठीक आहे हो, मराठीत तालीम शोधली तर तालमीत, तालमीचा, तालमींनी हे काहीच सापडत नाही, कोल्हापूर टाकलं तर कोल्हापुरात राहून जातं कारण मधला पू ऱ्हस्व झाला, आणि शाहू टाकलं तर शाहूंनी गेलं. उलट शिवाजी टाकून बघा, महाराज, पेठ, पूल, विद्यापीठ सगळं एकाच ओळीत गोळा! मग माणसानंच बसून पानन् पान वाचायचं आणि खूण करायची, दुसरा मार्ग नाही. आणि वाचताना पण डोकं लागतं. १९५२ च्या हेलसिंकी ऑलिम्पिकच्या ब्राँझवाले खाशाबा तुमच्या पुस्तकात कुठं खाशाबा आहेत, कुठं के. डी. जाधव, कुठं नुसतेच जाधव, आणि तुमच्याच पुस्तकात दुसरेही दोन जाधव आहेत. आम्ही मुख्य नोंद "जाधव, खाशाबा" केली आणि ख मध्ये "खाशाबा, पाहा जाधव" टाकलं, कारण आपल्याकडं माणूस खाशाबाच शोधणार, आडनावानं कोण शोधतंय. गंगावेशचं पण तसंच, ग मध्ये आहे आणि तालीम या नोंदीच्या पोटात पण आहे. पैसे या वाचण्याचे होते सर, बटण दाबायचे नव्हते, आणि कोटेशनमध्ये सूचीची ओळ वेगळी लिहिलेली होती.

क्ष-ज्ञ चं सांगतो. मराठी वर्णमालेत ह नंतर ळ, मग क्ष, मग ज्ञ. शाळेत आपण तसंच म्हणत आलो म्हणून क्षात्रजगद्गुरू शेवटी आहे, तिथंच पाहिजे. युनिकोडच्या नंबरानं, म्हणजे कॉम्प्युटरात प्रत्येक अक्षराला ठरलेला असतो त्या नंबरानं, लावलं तर क्ष जातो क च्या पोटात, ज्ञ जातो ज च्या पोटात आणि ळ येतो ल ला चिकटून. इनडिझाईनच्या सॉर्टिंगच्या यादीत रोमन, ग्रीक, सिरिलिक, जपानी, कोरियन सगळं आहे, देवनागरीचा गट नाही, आपली अक्षरं ते सिम्बॉल्समध्ये टाकतं. म्हणून आमच्या पोरानं प्रत्येक नोंदीच्या सॉर्ट बाय च्या, म्हणजे क्रम कशावरून लावायचा ते सांगायच्या, रकान्यात इंग्रजी अक्षरांचा कोड भरला, तेव्हा कुठं अकारविल्हे क्रम लागला. मधली अ, आ, क, ख ही हेडिंगं हातानं टाकलीत, ती परत जनरेट केलं की उडतात, म्हणून सूची सगळ्यात शेवटी करतात आणि म्हणूनच आम्ही प्रूफवर "यापुढे पानं वाढवू नयेत" असं लाल पेनानं लिहून देतो. तुमच्या प्रूफवर पण आहे, सहीच्या वरच.

उशीर झाला म्हणालात. मॅटर तुम्ही जुन्या फॉन्टातल्या पेजमेकर (पानं लावायचं जुनं सॉफ्टवेअर) फाइलमध्ये दिलंत. त्या फॉन्टात दिसायला क असला तरी आत इंग्रजीचं कुठलं तरी अक्षर असतं, त्यावर सूची काय कप्पाळ लागणार. आधी सगळं युनिकोड करून जोडाक्षरं आणि रफार तपासले, वेळ तिथं गेला, आणि हे मी त्याच आठवड्यात फोनवर सांगितलं होतं.

असो. पुस्तक तुमचं चांगलंय, श्रीपती खंचनाळेंचं १९५९ च्या पहिल्या हिंदकेसरीचं प्रकरण तर ऑफिसात सगळ्यांनी वाचलं. ज्या प्रती अजून विकायच्या आहेत त्यांच्यासाठी "सूचीतील प्रत्येक पृष्ठांकात ४ मिळवून वाचावे" एवढी एका ओळीची शुद्धिपत्राची चिठ्ठी करून घ्या, आमच्याकडं आलात तर लगेच छापून देतो. दुसरी आवृत्ती काढणार असाल तर सूची परत जनरेट करून हेडिंगं टाकून देऊ, खुणा शाबूत असल्या तर त्याचे पैसे नाही घेणार. फक्त येताना छापखान्यातून ती वाढीव पानांची ओपन फाइल मागून घ्या, पीडीएफ आणू नका, पीडीएफमध्ये त्या खुणा येत नाहीत.