तोंड पूर्वेला, पाठ एसटीपीला

ज्येष्ठांच्या वसाहतीत प्लॉट बघायला पुणेकर जातात ते डिसेंबरात, रविवारी, सकाळी अकराला. ऊन कोवळं, चांदणी चौक मोकळा, आणि साइटवर पोहोचल्या पोहोचल्या पोहे-चहा. एवढं जुळून आलं की मुरमाड माळावरसुद्धा नंदनवन दिसतं. फक्कीने आखलेल्या चौकोनात उभं राहून काका म्हणतात, "इथे झोपाळा." काकू म्हणतात, "मग माझी तुळस कुठे?" झालं! सेल्सवाला पावतीपुस्तक काढायला मोकळा.

पण त्या घरात खरे राहणार आहेत ते ऐंशीचे काका-काकू. एका हातात काठी, दुसऱ्या हातात छत्री आणि महिना जुलै. आजच्या बासष्टच्या काकांना काय आवडलं याला माझ्या लेखी शून्य किंमत आहे. प्लॉट त्या दुसऱ्या जोडप्यासाठी बघायचा, आणि तो एकदा तरी भर पावसात, शनिवारी संध्याकाळी सातला बघायचा. 'पुण्यापासून अवघ्या वीस मिनिटांवर' यातलं पुणं नेमकं कुठलं, हे त्या दिवशी चांगलं समजतं. रुग्णवाहिकाही त्याच रस्त्याने येणार असते.

प्रत्येकाला पूर्वमुखी प्लॉट हवा असतो. आता रस्ता दक्षिणोत्तर असेल तर एका बाजूच्या प्लॉटांचं तोंड पूर्वेला आणि समोरच्यांचं पश्चिमेला होणार, याला बिल्डर तरी काय करणार? तो पूर्वमुखी रांगेला 'पीएलसी' लावतो, म्हणजे सूर्योदयाचे वेगळे पैसे. देणारे हसत देतात. पण तोंड पूर्वेला म्हणजे पाठ पश्चिमेला, याचा हिशेब कोणी करत नाही. मागे झोपायची खोली काढलीत की एप्रिलमध्ये दुपारी तीन ते सहा भिंत तापणार आणि रात्री अकरापर्यंत ती ऊब परत देत राहणार. शिवाय आपल्याकडे पाऊस नैर्ऋत्येकडून झोडपतो, त्यामुळे ओल धरायलाही हीच भिंत पुढे. जिना, कोठीची खोली आणि बाथरूम पश्चिमेला टाका, खिडक्यांवर दोन फुटी छज्जा काढा, मग पूर्वमुखीचं कौतुक करा.

आणि त्या पाठीमागे आहे काय? माहितीपत्रकात तिथे हिरवी गोल झाडं काढलेली असतात आणि चष्मा पुसल्यावर वाचता येईल इतक्या बारीक अक्षरात लिहिलेलं असतं 'युटिलिटी'. म्हणजे एसटीपी (सांडपाणी शुद्ध करणारा प्रकल्प), डीजी सेट (डिझेलवरचा जनरेटर), ट्रान्सफॉर्मर आणि ओल्या कचऱ्याचा खड्डा. सांडपाणी उताराने वाहतं, म्हणून एसटीपी बहुधा जमिनीच्या सर्वांत खालच्या कोपऱ्यात असतो. त्याचा ब्लोअर, म्हणजे हवा सोडणारा पंखा, रात्रीही घरघरतो, आणि पावसाळ्यातलं वारं पश्चिमेकडचं असल्यामुळे वासाची पहिली मानकरी त्याच्या पूर्वेची घरं. टँकर कुठे रिकामा होतो तेही विचारा. माणशी 135 लिटर धरले तर साठ घरांतल्या एकशेवीस माणसांना रोजचे 16,200 लिटर लागतात, म्हणजे दहा हजारी टँकरच्या दीड खेपांहून जास्त. 'बोअरला भरपूर पाणी आहे' हे वाक्य मे महिन्यात ऐकलं तरच खरं मानावं.

उताराकडे मात्र सगळ्यांत जास्त वेळ द्यावा असं माझं ठाम मत आहे. मुळशी-मावळात डोंगराचा उतार कापून प्लॉट सपाट करतात. कापलेली माती पुढच्या बाजूला भरतात, म्हणजे अर्धा प्लॉट पक्क्या मुरमावर आणि अर्धा भरावावर. भराव दोन पावसाळ्यांत दबतो आणि घराची पुढची बाजू दरीकडे झुकून नमस्कार करते. बाजूच्या संरक्षक भिंतीला पाणी निघायची भोकं आहेत का बघा, नसतील तर तिच्यामागे पाणी साठून ती पोट काढते. काळी माती असेल तर वेगळीच मजा. ती पावसात फुगते, उन्हाळ्यात आकसते, आणि भिंतीवर तडे उमटतात. चार-पाच फुटांचा खड्डा खणून मुरूम किती खोल लागतो ते बघितल्याशिवाय टोकन देऊ नये. खड्डा खणू देणार नाही म्हणणाऱ्याला तर मुळीच देऊ नये.

चाकाच्या खुर्चीसाठी रॅम्प हवा, त्याला बाराला एक उतार लागतो. जोतं रस्त्यापासून तीन फूट वर असेल तर छत्तीस फूट रॅम्प झाला. समोरचं मार्जिन, म्हणजे मोकळी सोडायची जागा, दहा फूट. उरलेला रॅम्प काय शेजाऱ्याच्या अंगणातून काढणार? तीस बाय पन्नासच्या प्लॉटचं गणितही तिथेच करून टाका. पुढे दहा आणि बाकी तिन्ही बाजूंनी पाच-पाच फूट सोडले तर बांधायला उरतात वीस बाय पस्तीस, म्हणजे सातशे चौरस फूट. दीड हजाराचे पैसे देऊन. आपल्या प्लॉटला नेमकं किती सोडायचं ते मंजूर नकाशात असतं, सेल्सवाल्याच्या तोंडात नसतं.

वसाहतीचं सामायिक भोजनगृह उताराखाली असेल तर जेवायला जाणं सोपं आणि जेवून परत येणं अवघड. पुरणपोळीच्या दिवशी तर विचारूच नका. उलट भोजनगृहाला खेटून प्लॉट घेतलात तर पहाटे पाचला भांडी, सहाला हास्यक्लब आणि संध्याकाळी भजनाचा सराव फुकट. दोन-तीन प्लॉट सोडून घ्यावा, तोही भोजनगृहाच्याच पातळीवर.

कागदपत्रांचं थोडक्यात सांगतो, कारण या बाबतीत पुणेकराला शिकवायची हिंमत माझ्यात नाही. जमीन एनए म्हणजे बिगरशेती हवी, ले-आउट मंजूर हवा, सातबाऱ्यावरचा 'इतर हक्क' रकाना चष्मा लावून वाचायचा. एका मोठ्या सातबाऱ्यावर पंचवीस जणांबरोबर आपलंही नाव लागणार असेल तर 'आपला' प्लॉट कुठला हे फक्त फक्कीला ठाऊक, आणि फक्की पहिल्या पावसात जाते. पाचशे चौरस मीटरवरच्या प्रकल्पाला महारेराचा, म्हणजे राज्याच्या गृहप्रकल्प नियामकाचा, नोंदणी क्रमांक लागतोच. महारेराने 2024 मध्ये ज्येष्ठांच्या घरांसाठी नियमावलीही काढली आहे. त्यात दार किमान 900 मिलिमीटर रुंद, उंबरठ्याशिवाय, असं बरंच शहाणपणाचं आहे. स्वतःचा बंगला बांधताना ती समोर ठेवा, नाहीतर गवंडी सवयीने अडीच फुटी दार आणि सुबक उंबरठा बसवून मोकळा होतो.

करारात दोन कलमं शोधायची. एक, प्लॉट मोकळा असला तरी मेंटेनन्स सुरू होतो का? बहुधा होतो, म्हणजे गवताला पाणी कोणी घालत नसलं तरी पैसे भरायचे. दुसरं, वयाची अट. पंचावन्नच्या आतल्यांना राहायला बंदी असेल, तर चाळिशीच्या मुलाला वारशाने मिळालेल्या बंगल्यात पंधरा वर्षं पाहुणा म्हणून यावं लागेल. पाहुण्यांना किती दिवस परवानगी, हेही तिथेच बारीक अक्षरात असतं. विक्रीवर हस्तांतर शुल्क किती, तेही बघून ठेवा.

राहता राहिला शेजार. बँकेतल्या निवृत्त मित्रांचा गट 'आठ प्लॉट ओळीने द्या' म्हणून येतो, तेव्हा सेल्सवाल्याचे डोळे पाणावतात. जरूर घ्या, पण मध्ये एखादा प्लॉट परक्या माणसाचा राहू द्या. आणि आंबा लावायचा तर कुंपणापासून चांगला दहा-पंधरा फूट आत. सातशे फुटांचं घर बांधल्यावर तेवढी जागा उरत नाही, म्हणून कढीपत्ता लावा. तो शेजारी न विचारता तोडणारच, पण निदान जिनसेची किंमत कमी असते.