मोगऱ्याची छाटणी जूनमध्ये नको

एका लेखात मोगऱ्याची छाटणी पावसाच्या तोंडावर, जूनमध्ये करायला सांगितली आहे. महाराष्ट्रात ती जानेवारीअखेर, थंडी ओसरू लागली की करावी. मोगऱ्याला कळी नव्या फुटीवरच येते. जूनमध्ये छाटलं तर उन्हाळ्याचा मुख्य बहर जुन्या, दमलेल्या फांद्यांवर काढावा लागतो, म्हणजे तो जवळजवळ हातचा जातो.

छाटणीआधी दहा-बारा दिवस पाणी तोडून ताण द्या. कुंडीत असेल तर पानं थोडी मलूल होईपर्यंतच, माती पार भेगाळू देऊ नका. मग वाळक्या आणि काडीसारख्या बारीक फांद्या बुडापासून कापून काढा, उरलेल्या निम्म्यावर आणा. काप डोळ्याच्या, म्हणजे फांदीवर जिथून नवी फूट निघते त्या जागेच्या, जरा वर, तिरका. राहिलेली पानं हातानं ओरबाडून टाका, फूट एकसारखी येते. वरची दोन इंच माती उकरून बारा इंची कुंडीला दोन मुठी कुजलेलं शेणखत आणि मूठभर बोनमील (हाडांचा चुरा) मिसळा. युरिया मात्र अजिबात नको, त्यानं लांबच लांब वेलासारखे शेंडे सुटतात आणि कळी धरत नाही.

कळ्या जांभळट होऊन न उमलता गळत असतील तर एक उघडून बघा, आत बारीक अळी सापडेल. अशा कळ्या खुडून नष्ट करा. संध्याकाळी लिटरभर पाण्यात पाच मिली नीमतेल, थोडा साबण घालून फवारा. आठवड्यानं पुन्हा. आणि रोज पाच-सहा तास थेट ऊन हवंच, ग्रिलमधल्या अर्धवट सावलीत नुसती पानंच वाढतात.