आधी रिळाच्या बुडाशी बघा!

शिलाई मशीनवरची टेन्शनची, म्हणजे दोऱ्याचा ताण कमी-जास्त करायची चकरी पिरगाळायची एवढी कसली घाई असते हो? टाका सुटला, फिरवा चकरी. दोरा तुटला, फिरवा चकरी. कापडाला चुण्या पडल्या, पुन्हा तीच चकरी. अर्धा तास तिचा जीव काढून झाला की मग मेकॅनिकला फोन. तो येणार, मशीन आडवं पाडणार, शटल पुसणार, चार थेंब तेल सोडणार, 'सुई-शटलचं टायमिंग गेलं होतं' म्हणणार आणि पैसे खिशात घालून चालता होणार. दोन दिवसांनी पुन्हा तेच रडगाणं. कामून? तर खरा चोर मशीनच्या डोक्यावर बसलेला असतो. वरचाच दोरा, रिळाच्या बुडाशी, दांडीला पाच-सात वेढे घालून, निवांत. मेकॅनिकनं दोरा काढून नव्यानं ओवला, तेवढ्यानंच मशीन चाललं होतं. टायमिंग कुठं गेलेलं नव्हतं, गेले ते फक्त पैसे.

हे होतं कसं ते एकदा डोक्यात घ्या. घरच्या काळ्या मशीनवर रीळ ठेवायला काय दिलंय? एक उघडी लोखंडी दांडी. रिळाचं भोक तिच्यापेक्षा ऐसपैस, खाली गुळगुळीत रंग, अडवायला काहीच नाही. दर टाक्याला वर-खाली होणारी कडी दोऱ्याला हिसका देते. हिसका, थांबा, हिसका, थांबा. भरलेलं रीळ जड असतं, एकदा गरकन फिरलं की आपल्या मनानं थांबत नाही. तुम्ही पायडल थांबवलं, मशीन थांबलं, रीळ मात्र आणखी अर्धी गिरकी घेऊनच थांबणार. त्या अर्ध्या गिरकीचा दोरा जाणार कुठं? सैल पडतो, रिळाच्या खालच्या काठावरून घसरतो आणि रीळ न् मशीन यांच्यामधल्या फटीत शिरतो. पुढच्या टाक्याला तोच सैल दोरा ओढला जातो आणि दांडीभोवती फास बसतो. मग पुढच्या प्रत्येक थांब्याला एकेक वेढा वाढत जातो.

आता गंमत बघा. फास बसला की वरचा दोरा ताणला जातो, म्हणून तो बॉबिनच्या, म्हणजे खालच्या छोट्या रिळाच्या दोऱ्याला वर ओढून आणतो. शिलाईवर खालच्या दोऱ्याचे ठिपके दिसतात. आपले शहाणे लोक म्हणतात, टेन्शन जास्त झालं, ढिलं करा. केलं ढिलं. तेवढ्यात फास आपोआप सुटतो, नाहीतर दोरा तुटून नव्यानं ओवला जातो, आणि आता वरचा दोरा लोळतोय, खाली सैल वेटोळी पडताहेत. मग मोर्चा वळतो बॉबिन केसच्या बारक्या स्क्रूकडं. तो आवळला जातो. झालं! वरचं टेन्शन बिघडलं, खालचंही बिघडलं, आणि मूळ दुखणं होतं तिथंच. एवढं होईस्तोवर सुई वाकून पट्टीवर आदळली नाही तर नशीब समजा.

आणि हे साध्या पॉपलीनवर झालं तर एक वेळ उसवून पुन्हा शिवता येईल. पैठणीच्या ब्लाउजवर झालं म्हणजे? रेशमावर सुईची भोकं राहतात हो, उसवलं म्हणून बुजत नाहीत.

चकरीला हात लावायच्या आधी दोन मिनिटांची तपासणी का करत नाही कुणी? सुईतून दोरा काढा. कापडावरचा दाबाचा पाय वर करा. सुईजवळून दोरा ओढून बघा. पाय वर असताना तो लोण्यातून सुरी फिरावी तसा आला पाहिजे. अडकत अडकत आला तर एकेक कडी मागं सरकत जा: धागा ओढणाऱ्या कडीच्या अलीकडं ओढा, दोरा दाबून धरणाऱ्या टेन्शनच्या चकत्यांच्या अलीकडं ओढा, शेवटी रिळाजवळच्या पहिल्या कडीपाशी ओढा. तिथंच जड लागला तर दोष रिळापाशी आहे, विषय संपला. तिथं हलका आणि पुढं जड, तर मग चकत्यांत कापूस-धूळ अडकली असेल, पाय वर ठेवून स्वच्छ कापडाची पट्टी फिरवा. आता पाय खाली करून ओढा, एकसारखा ताण लागला पाहिजे. बॉबिन केसचं म्हणाल तर दोऱ्याला धरून ती लोंबकळती ठेवा. आपणहून सरसर खाली येता कामा नये, हलका झटका दिला की थोडी उतरली पाहिजे. बस. एवढ्यात सगळा न्याय होतो.

(खाली एकदम पक्ष्याच्या घरट्यासारखा गोळा होतो, ते प्रकरण वेगळं. तिथं बहुतेक वेळा पाय खाली ठेवून दोरा ओवलेला असतो, चकत्या मिटलेल्या असतात, दोरा आत बसतच नाही. पाय वर करून पुन्हा ओवा. पण त्यासाठीसुद्धा बॉबिनलाच शिव्या खाव्या लागतात!)

आता दोऱ्याकडं येऊ. परभणी, जालना, बीड, हिंगोली... आपल्या रानात कापूस पिकतो आणि आपल्याच मशीनवर चढतो पॉलिस्टरचा दोरा. चढू द्या, मजबूत असतो, स्वस्त पडतो, भांडण नाही. पण त्याचा स्वभाव ओळखा की! सुती दोऱ्याला बारीक लव असते, तो रिळाला धरून बसतो. पॉलिस्टर गुळगुळीत आणि लवचीक. सैल पडला की स्प्रिंगसारखा उसळतो आणि थेट बुडाशी जाऊन साचतो. त्यात आपला उन्हाळा. मे महिन्यात 42-43 अंशाला डोक्यावर पंखा पाचवर फिरतोय, रिळापासून पहिल्या कडीपर्यंतचा दोरा वाऱ्यावर हेलकावे खातोय, आणि मशीन ठेवलंय नेमकं पंख्याखाली. मोटार लावलेली असेल तर हाच दोरा उडून चाकात आणि पट्ट्यात जातो, मग तर बघायलाच नको. मशीन पंख्याच्या थेट झोतातून दोन हात बाजूला सरकवायला काय जातं? नाही. लगीनसराईचे ब्लाउज ढिगानं पडलेत, जूनचे गणवेश डोक्यावर आलेत, तरी मशीन हलणार नाही.

आठवडी बाजारात गाड्यावर उन्हात वाळत पडलेली ती स्वस्तातली रिळं तर घेऊच नका. हातभर दोरा दोन्ही हातांत धरून झटका द्या. कागदासारखा फटकन तुटला तर तो दोरा गोधडीच्याही कामाचा नाही.

उपाय काय, तर नमद्याची, म्हणजे लोकर दाबून केलेल्या जाड कापडाची एक चकती. एवढीच. रिळाच्या बुडापेक्षा जराशी मोठी, दोन-तीन मिलिमीटर जाडीची, मधोमध बारीक फुलीचा काप. फुलीच ठेवा, मोठं भोक पाडू नका. चकती दांडीला घट्ट बसली पाहिजे, नाहीतर दोरा तिच्याही खाली शिरतो. आधी चकती दांडीवर बुडापर्यंत दाबायची, मग रीळ. नमदा रिळाला किंचित धरून ठेवतो. दोरा ओढला की रीळ फिरतं, ओढणं थांबलं की रीळही थांबतं. शिवाय खालची फटही बुजते. जुन्या घोंगडीचा तुकडा चालतो, पण घोंगडी विणलेली असते, कापल्यावर कडा सुटतात. म्हणून दोन पदर एकावर एक ठेवून कडेनं शिवून घ्या. सुटलेली लोकर दोऱ्यात गेली तर एक संकट घालवून दुसरं आणाल.

आणि ते स्लिपरचं रबर कापून घालणारे महाभाग! रबर रिळाला पकडूनच ठेवतं. रीळ अडतं, सुटतं, अडतं, सुटतं, आणि टाके एक घट्ट एक सैल. मग पुन्हा कोण दोषी? चकरी!

रीळ दांडीवर लटपटत असेल तर भोक आणि दांडी यांच्यामधली जागा भरा. शहाळ्याच्या स्ट्रॉचा तुकडा दांडीवर सरकवा, बरोबर बसतो. स्ट्रॉ रिळापेक्षा उंच नको.

रिळाच्या काठाला दोरा अडकवायची एक खाच असते. ती खाच म्हणजे विंचवाची नांगी आहे. कारखान्यातून येतानाच तिला प्लॅस्टिकचं कुसळ असतं. दोरा रिळावरून ज्या बाजूनं बाहेर पडतो त्या बाजूला खाच कधीच ठेवायची नाही. उभ्या दांडीवर दोरा वरच्या काठाकडून जात असेल तर खाच खाली. नवीन पांढऱ्या मशीनची आडवी दांडी असते, तिथं दोरा डावीकडं जातो, म्हणून खाच उजवीकडं. कुसळ बोटाला लागलं तर बारीक पॉलिश पेपरनं दोनदा घासा. आडव्या दांडीला जी टोपी मिळते ती रिळाच्या तोंडापेक्षा थोडी मोठी हवी. छोटी टोपी लावली की दोरा काठावरून घसरून टोपीमागं दांडीलाच गुंडाळतो. मशीनसोबत दोन-तीन मापांच्या टोप्या येतात. त्यातल्या निम्म्या पहिल्याच महिन्यात पोरांच्या खेळण्यात जातात आणि उरलेली एकच टोपी सगळ्या रिळांना लावायची आपली रीत!

यापेक्षा मोठा गुन्हा दोऱ्याच्या कोनाचा. 5000 मीटरचा भलाथोरला कोन आणून त्या काडीएवढ्या दांडीवर उलटा-सुलटा खोचायचा. अहो, कोन फिरायसाठी नसतोच! कोन जागेवर स्थिर बसतो आणि दोरा वरून सुटतो, म्हणून तर त्याचा आकार निमुळता. तो फिरवायला लागलात की तो भोवऱ्यासारखा झोके खातो आणि दोऱ्याला असे हिसके देतो की सुईचं कंबरडंच मोडतं. कोन मशीनच्या मागं, टेबलावर, स्टीलच्या पेल्यात उभा करा. पेल्याच्या तळाशी कापडाची घडी, म्हणजे घसरलेला दोरा बुडाखाली शिरत नाही. त्याच्या डोक्यावर बरोबर मधोमध एक कडी हवी, कोनाच्या उंचीच्या निदान दुप्पट उंचीवर. मोडक्या छत्रीची काडी वाकवून भिंतीला किंवा टेबलाला बांधली तरी भागतं, टोक मात्र घासून गुळगुळीत करा. कडी एका बाजूला असली की दोरा कोनाच्या काठाला घासतो आणि तिथंच अटकतो. मधोमध असली की सुटा निघतो. फारच घसरडा दोरा असेल तर सफरचंदावर असते ती फोमची जाळी कोनाच्या खालच्या अर्ध्या भागावर चढवा. घट्ट नको, नुसती टेकलेली.

जरीच्या दोऱ्याला मात्र हा कोनाचा नियम लावू नका. वरून सुटणाऱ्या दोऱ्याला दर वेढ्यामागं एक पीळ बसतो. साध्या दोऱ्याला त्याचं काही वाटत नाही, जरीची मात्र वेटोळी होतात. तिला फिरत्या रिळावरून, बाजूनंच सोडायची. आणि हळू!

बॉबिन भरताना तर माणसं यंत्रावर सूड उगवल्यासारखी पाय मारतात. बॉबिन भरायची वेगळी दांडी खाली पाट्यावर असते, तिथंही नमदा लागतो हे कुणाच्या गावीच नसतं. बॉबिन भरली की भरणारं चाक खाडकन सुटतं, आणि एवढ्या वेगानं फिरणारं रीळ? ते फिरतच राहतं. दोन-तीन हात दोरा बुडाशी जमा. शेवटच्या दहा-बारा फेऱ्यांना पाय मंद करा आणि डाव्या हाताचं बोट रिळाच्या वरच्या काठाला नुसतं टेकवा. बॉबिन काठोकाठ भरू नका, थोडी कमीच राहू द्या.

एवढं करूनही गुंता झालाच तर हिसका देऊ नका. मुळीच देऊ नका! हिसक्यानं दांडी वाकते, सुई वाकते, आणि फास आणखी आवळतो. चाक आपल्याकडं फिरवून सुई वर घ्या, दाबाचा पाय उचला, दोरा रिळाजवळ कापा आणि उरलेला सुईच्या बाजूनं ओढून काढा. उलटा ओढलात तर चकत्यांत कचरा कोंबाल. मग रीळ उचला, नमदा उचला, वेढे बोटानं उलट फिरवून सोडवा, उरलेली तुसं चिमट्यानं. ब्लेड लावून खरवडू नका. दांडीवर एक बारीक चरा पडला की पुढं कायमचं तिथंच अडकत राहणार.

आणि नमद्याची चकती विकत आणायला गेलात तर? संभाजीनगरची गुलमंडी घ्या नाहीतर लातूरची गंजगोलाई, शिवणाच्या सामानाचं दुकान म्हणजे नऊ रंगांची बटणं, अकरा मापांचे हूक, झिप, लेस, खडू, सगळं आहे. नमदा मागितला की दुकानदार आधी वर बघतो, मग खाली बघतो, मग ड्रॉवरमधून नळाचं रबरी वॉशर काढून समोर टाकतो. आणि वर फुकटचा सल्ला: "ताई, रीळ गुंततंय का? टेन्शन जरा ढिलं करून बघा ना."