खुलासा: एकुलत्या एका इंजिनाचं मॉडेल

मडगाव-वास्कोच्या रेल्वेवेड्यांच्या ग्रुपांवर मेसेज फिरतोय: ‘ज्या इंजिनाचा एकच नग बनला, त्याचं छोटं मॉडेल कंपन्या काढत नाहीत, परवडतच नाही.’ हे खरं नाही. ब्रिटनचं 1955 चं निळं प्रोटोटाइप (चाचणीसाठीचं पहिलं) डिझेल इंजिन डेल्टिक एकमेव, तरी बाकमन या मॉडेल कंपनीनं त्याचं मॉडेल काढलं, नाकावरच्या क्रीम पट्ट्यांसकट. 1967 चं केस्ट्रेल हे डिझेल इंजिनही एकच. त्याचं मॉडेल हेलियन या दुसऱ्या कंपनीनं काढलं.

मेसेजात तथ्य आहे ते एवढंच: मोठा खर्च साच्यांचा. आपल्या कोकण रेल्वेवरच्या डिझेलसारखं इंजिन असेल तर नंबर, रंग बदलून तोच साचा पुन्हा चालतो. एकट्या इंजिनाला ती सोय नाही (रंगच किती असणार!), म्हणून आगाऊ नोंदणी घेतात, नाहीतर एखादं संग्रहालय खास ऑर्डर देतं. तेव्हा मंडळी, तो मेसेज पुढे ढकलू नका. आधीच ढकलला असेल तर तिथे हा खुलासा टाका.