काळी चार, पहाटे चार

दिवाळी पहाट हा प्रकार ज्याने काढला त्याला तबला वाजवता येत नसणार, एवढं मी पैजेवर सांगतो. चामड्याचं आणि दवाचं काय नातं आहे हे त्याला ठाऊक असतं तर त्याने दिवाळी दुपार काढली असती.

मी दिवसा पाटबंधारे खात्यात फायली सरकवतो आणि संध्याकाळी तबला वाजवतो. साथीला बसायला लागून सव्वीस वर्षं झाली. या सव्वीस वर्षांत कार्यक्रमाच्या आदल्या रात्री मला धड जेवण गेल्याचं आठवत नाही. ताटावर बसलं की पोटात कुणीतरी तबल्यावरचा जलद रेला धरतो. यंदाही बायकोने विचारलं, "अहो, उद्या वाजवायचंय की सासरी जायचंय?" रात्री दोन वाजता मी उठून तबला सुरात लावायची हातोडी पिशवीत आहे ना ते बघितलं. तीन वाजता पुन्हा बघितलं. मधल्या तासात ती कुठे जाणार होती कुणास ठाऊक.

त्यात हे मिरज. दुसऱ्या गावात पहिल्या रांगेत नगरसेवक आणि त्यांचे मेव्हणे बसतात, त्यांच्यापुढे तबला चढला काय नि उतरला काय. इथे पहिल्या रांगेत सतारमेकर गल्लीतले एक चाचा बसतात. तंबोऱ्याच्या तारेखाली जवारीचा, म्हणजे तार गुंजवणारा, दोरा केसभर इकडे, केसभर तिकडे करण्यात त्यांची सगळी हयात गेली. मिरजेच्या तंबोऱ्याला २०२४ साली भौगोलिक मानांकन मिळालं. ते तंबोऱ्याला मिळालं असलं तरी खरं म्हणजे असल्या कानांना मिळालेलं आहे. किराणा घराण्याचे गायक अब्दुल करीम खाँसाहेब ज्या गावच्या दर्ग्यात विसावलेत, तिथे तबला पाव सूर खाली ठेवून वाजवणं म्हणजे पंढरपुरात जाऊन विठ्ठलाला नुसतं 'हॅलो' म्हणणं.

तर पहाटे चार वाजता आम्ही मैदानाशेजारच्या शाळेत, चौथीच्या वर्गात. ग्रीनरूम म्हणे. गुडघ्याएवढी बाकं, खडूचा वास, आणि भिंतीवर बाराचा पाढा. बरोबर माझ्या डोळ्यांसमोर 'बारा चोक अठ्ठेचाळीस'. आता ज्या संथ तालात मला वाजवायचं होतं तो विलंबित एकताल म्हणजे दुसरं काय असतं? बारा मात्रा, एकेकीचे चार भाग, अठ्ठेचाळीस. अख्ख्या शाळेत भिंती काय कमी होत्या?

बाईंचा, म्हणजे आमच्या गायिका ताईंचा सूर काळी चार, म्हणजे पेटीची चौथी काळी पट्टी. मी घरून तबला काळी चारला चोख लावून आणला होता. पिशवीतून काढून चाटेवर, म्हणजे पानाच्या काठावर, बोट टाकलं तर साहेब अर्धा सूर खाली. दव! चामड्यात ओल शिरली की पान सैलावतं. मग हातोडी. गजऱ्यावर, म्हणजे पानाभोवतीच्या वेणीवर, वरून एक ठोका, समोरच्या घरावर, म्हणजे वादीच्या दोन पट्ट्यांमधल्या जागेवर, एक, परत चाट. एक घर जुळलं की शेजारचं रुसतं. सोळाच्या सोळा घरं फिरून येईपर्यंत पहिलं घर पुन्हा उतरलेलं. पानावरच्या मधल्या काळ्या शाईमुळे तबल्यातून एकमेकांशी जुळणारे स्वर कसे निघतात, हे शास्त्रज्ञ सी. व्ही. रामन यांनी १९२० सालीच सांगून ठेवलं आहे. तेच स्वर कार्यक्रमाआधी अर्धा तास कुठे जातात, हे त्यांना विचारायला हवं होतं.

कोपऱ्यात आमचा पेटीवाला चिवडा खात होता. या माणसाला घाबरणं ठाऊक नाही. त्याच्या पेटीला ना घरं, ना सूर चढवायचे लाकडी गठ्ठे. काल होती तशी आज. शेजारी मी घामाघूम होऊन ठोकतोय आणि हा चकली मोडत विचारतो, "इतकं काय ठोकतोस रे? चौथीची पोरं घाबरतील." १९४० साली रेडिओने पेटीवर बंदी घातली आणि तीसेक वर्षं उठवली नाही. मला त्या पहाटे तो निर्णय अतिशय समंजस वाटला.

ताई खिडकीशी ज्येष्ठमध चघळत, डोळे मिटून, कुणाशीही न बोलता उभ्या होत्या. त्यांचीही तीच गत असते, फक्त त्यांच्या घाबरण्याला लोक 'तंद्री' म्हणतात.

या दुखण्यावर गोळी असते. काळजाची धडधड आवरणारी, हाताची थरथर थांबवणारी. परदेशातले मोठमोठ्या वाद्यवृंदांतले वादकसुद्धा ती घेतात. मी आमच्या डॉक्टरांकडे मागितली तर ते म्हणाले, "तुम्हाला दमा आहे, ही गोळी तुम्हाला चालायची नाही. त्यापेक्षा घाबरा." होरोविट्झ नावाचा जगविख्यात पियानोवादक १९५३ ते १९६५ अशी बारा वर्षं मंचावर फिरकलाच नाही. बारा वर्षं! मला हे वाचून केवढा आधार वाटला होता. पण त्याला काही दर दिवाळीला मंडळाच्या अध्यक्षांचा फोन येत नसणार.

पाच वाजता तबला काळी चारला आला. मी कपाळ पुसलं. तेवढ्यात ताईंनी डोळे उघडले, एक बारीकसा षड्ज लावून बघितला आणि म्हणाल्या, "दादा, आज गळा जरा जड आहे. पांढरी पाच घेऊया का?"

पांढरी पाच म्हणजे अर्धा सूर खाली. म्हणजे तासाभरापूर्वी दवाने जिथे तबला आणून ठेवला होता, बरोबर तिथे. मी हसलो. अशा वेळी साथीदाराने हसायचं असतं. आणि मग गजऱ्याला खालून ठोके घालत, घाम गाळून चढवलेलं सगळं उतरवायला बसलो. पेटीवाल्याने पुढची चकली घेतली. त्याला काय, बोट एक पट्टी डावीकडे सरकवलं की झालं.

मंचावर जाण्याआधी मी तिसऱ्यांदा 'जाऊन' आलो. हे लिहायला नको, पण विलंबित ख्याल सुरू झाला की पाऊण तास हलता येत नाही. गाणारा पाणी पितो, पेटीवाला रुमाल काढतो. तबलजीने हात उचलला की ताल मोडतो. तेव्हा जे काही ते आधीच.

मंचावर बसलो. हात बर्फासारखे गार आणि तळवे ओलेगच्च. भीतीचा हा मोठा विचित्र हिशोब आहे. बोटं सरकायला हवीत तिथे चिकटतात, आणि काळीज विलंबितात चालायला हवं तिथे द्रुत तीनताल धरतं. त्या काळजाच्या नादी लागलं की लय चढते. ताई दोन आवर्तनांत मागे वळून बघतात आणि ते बघणं मला चार दिवस पुरतं. म्हणून मी पावडरचा डबा काढला. एरवी चिमूटभर लागते. त्या दिवशी हात थरथरत होता, डबा अर्धा रिकामा झाला. तळव्यावर, चाटेवर, डग्ग्यावर, सगळीकडे गुलाबाचा वास.

ताईंनी भटियार रागाची आलापी केली, मुखडा, म्हणजे समेकडे नेणारी बंदिशीची सुरुवात, धरला. मी श्वास रोखला. सम, म्हणजे तालाची पहिली मात्रा, आली आणि पहिलाच 'धिं' असा मोकळा पडला की डग्ग्यावरून पांढरा ढग उठला. हॅलोजनच्या उजेडात तो छान दिसला असणार. तो सावकाश, अगदी विलंबितात, डावीकडे सरकत पेटीवर गेला.

नवव्या मात्रेला मी पाहिलं, पेटीवाल्याचं नाक वर गेलं होतं. 'धागे' या बोलाला त्याचे डोळे मिटले. 'तिरकिट'ला ओठ. एक हात भात्यावर, दुसरा सुरांवर, नाक चोळायला तिसरा हात नाही. आयुष्यात पहिल्यांदा मी त्या माणसाच्या चेहऱ्यावर भीती बघत होतो. 'धी'. 'ना'. ताई मुखडा घेऊन समेवर झेपावल्या, मी 'धिं' टाकला, आणि "हाऽऽक्-छी!" भात्याला हिसका बसला, पेटी एकदम दुप्पट आवाजात ओरडली. मागून कुणीतरी "वाऽ!" म्हणून दाद दिली.

त्यानंतर माझे हात कधी गरम झाले मला कळलंच नाही.

कार्यक्रम संपल्यावर चाचा काठी टेकत मंचाशी आले. मी खाली वाकून पाया पडलो आणि निकालाची वाट बघत तसाच वाकून राहिलो. हॅलोजनच्या उष्णतेने तबला मध्यंतरापासून चढत होता, हे मला माहीत होतं. त्यांनाही माहीत होतं.

"तबला दुसऱ्या गाण्याला पाव सूर चढला होता," ते म्हणाले.

"हो चाचा."

त्यांनी पेटीवाल्याकडे काठी केली. "शिंक मात्र समेवर होती."